औषध, ऊन आणि त्वचा



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानांत त्वचेचा आणि औषधांचा विषय आलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु पुस्तकांची कपाटे उन्हाच्या खिडकीसमोर का मांडू नयेत, हे ज्या ग्रंथपालाला ठाऊक आहे त्याला आजच्या विषयाचे निम्मे मर्म ठाऊक आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहून गेलेले असते. चिंध्यांपासून केलेला जुना कागद उन्हात बराच काळ तग धरतो. वर्तमानपत्राचा अंक मात्र थोडे दिवस उन्हात राहिला तरी पिवळा पडतो. ऊन दोहोंवर सारखेच पडलेले असते. फरक असतो तो ते ऊन आपल्यात शोषून घेणाऱ्या द्रव्याचा.

सुरतेच्या माणसाला हीच गोष्ट कापडावरून अधिक लवकर पटेल. पांडेसरा, सचिन, कडोदरा या भागांत रंगाई आणि छपाईच्या मिलमध्ये ज्यांचा दिवस जातो, त्यांना रंग उन्हात विटतो हे सांगावे लागत नाही. पण रंगशास्त्रात याहून एक विचित्र गोष्ट नोंदलेली आहे. व्हॅट जातीचे काही पिवळे आणि नारिंगी रंग सुती कापडावर दिले आणि ते कापड पडद्यासारखे उन्हात टांगले, तर रंग पक्का राहतो आणि कापडाचा धागाच जीर्ण होऊन फाटू लागतो. रंगाने प्रकाश शोषला, त्याची शक्ती शेजारच्या धाग्याकडे व हवेतल्या प्राणवायूकडे सोपवली आणि स्वतः नामानिराळा राहिला. एरवी ते कापड त्या उन्हात कितीतरी वर्षे टिकले असते.

माणसाच्या त्वचेच्या बाबतीत असेच घडते. एखादे औषध पोटात गेले, रक्तावाटे त्वचेत पोहोचले आणि त्या औषधाच्या रेणूत प्रकाश शोषण्याचा गुण असला, तर जे ऊन त्या माणसाने आजवर सहज सोसले तेच त्याला भाजून काढते. अशा औषधांना प्रकाशसंवेदक द्रव्ये म्हणतात. औषधाने अंधारात काही केले नसते आणि उन्हाने औषधाविना काही केले नसते. इजा दोहोंच्या भेटीत आहे.

हा गुण प्रयोगशाळेत प्रथम लक्षात आला तो एका रंगामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्यूनिक येथे ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी, प्राध्यापक फॉन टापाइनर यांच्या हाताखाली, ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पाण्यातील सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम तपासत होता. तेच द्रव्य, तेवढेच प्रमाण आणि तेच जीव. तरीही ते एके दिवशी लवकर मरत आणि दुसऱ्या दिवशी बराच वेळ जगत. त्या दोन दिवसांत फरक होता तो प्रयोगशाळेत येणाऱ्या उजेडाचा. राबचा निबंध १९०० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९१२ साली फ्रीडरिख मायर-बेत्स या जर्मन डॉक्टराने रक्तापासून मिळवलेले हेमॅटोपॉर्फिरीन हे द्रव्य २०० मिलिग्राम इतके स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले. नंतर तो उन्हात गेला आणि त्याचा चेहरा व हात ओळखू येऊ नयेत इतके सुजले. त्याची ती उन्हाची धास्ती दोन महिन्यांहून अधिक काळ टिकली. स्वतःच्या देहावर केलेल्या असल्या प्रयोगांचे कौतुक करावे की नाही हा प्रश्न वेगळा; पण त्याची छायाचित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.

युरोपने हे दोष म्हणून पाहिले. भारतात याच गुणाचा उपचार म्हणून उपयोग त्याच्या कितीतरी शतके आधी झालेला होता. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात त्वचेवरील पांढऱ्या डागांचा रंग परत आणण्यासाठी वनस्पतीला आवाहन केलेले आहे. ती वनस्पती कोणती याविषयी मतभेद आहेत, तेव्हा त्यावर फार इमला रचू नये. चरकसंहितेतील उल्लेख मात्र स्पष्ट आहे. चिकित्सास्थानाच्या कुष्ठाध्यायात श्वित्रासाठी, म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतो त्यासाठी, मलपू या झाडाचा रस गुळाबरोबर पाजावा, रोग्याच्या अंगाला स्नेहन करावे आणि त्याने आपल्या शक्तीप्रमाणे सूर्याचा ताप घ्यावा, असे सांगितले आहे. मलपू म्हणजे काकोदुंबर, आपला काळा उंबर, उंबर-अंजिराच्याच कुळातला. अंजिराच्या पानांत व चिकात सोरॅलेन नावाचे प्रकाशसंवेदक द्रव्य असते हे आज ठाऊक आहे. पुढे चरक आणखी एक गोष्ट सांगतो: पांढऱ्या जागी जे फोड येतील ते काट्याने फोडावेत. म्हणजे रस प्यायल्यावर उन्हात बसले की त्वचेवर फोड येतात हे त्या वैद्यांनी पाहिले होते, आणि ते उपचाराच्या क्रमातच धरले होते. ‘शक्तीप्रमाणे’ हा त्यांचा शब्दही विसरण्याजोगा नाही. उन्हाची मात्रा माणसागणिक वेगळी, हे त्यात आले.

कोडावरची अधिक प्रसिद्ध वनस्पती म्हणजे बावची, संस्कृतात बाकुची. मराठीत आणि गुजरातीत तिचे नाव एकच आहे. काष्ठौषधी विकणाऱ्या गांधीच्या दुकानात तिचे काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराचे, उग्र वासाचे बी आजही मिळते. १९३३ साली ज्वाइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले आणि वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून त्याला सोरॅलेन हे नाव पडले. इकडे हे चालले असताना ईजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात वाढणाऱ्या अम्मी माजुस या तणाची कथा समांतर चालू होती. तिच्या बियांचे चूर्ण घेऊन पांढरे डाग उन्हात धरण्याची रीत तेराव्या शतकातील इब्न अल-बैतार या अरब वनस्पतिज्ञाने नोंदलेली आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात कैरोच्या रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून सोरॅलेनच्याच कुळातील द्रव्ये मिळवली आणि अब्देल मोनेम अल-मोफ्ती या त्वचारोगतज्ज्ञाने त्यांचा कोडाच्या रोग्यांवर वापर करून १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारत आणि ईजिप्त यांनी एकमेकांपासून दूर, दोन वेगळ्या वनस्पतींतून, रसायनाचे एकच कुळ शोधून काढले होते. १९७४ साली बोस्टन येथे पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबाउम आणि भारतीय वंशाचे मधू पाठक यांनी सोरॅलेनची गोळी व दीर्घ लहरींचे अतिनील किरण देणारे दिवे यांची सांगड सोरायसिससाठी घातली आणि या उपचाराला ‘पुवा’ हे नाव रूढ झाले.

सोरॅलेन नेमके काय करते? त्याचा चपटा रेणू पेशीतील डीएनएच्या दोन धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतो. दीर्घ लहरींचा अतिनील किरण, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या टप्प्यातला, त्याच्यावर पडला की तो त्या दोन धाग्यांना टाके घालावेत तसा जोडून टाकतो. पेशी विभागू शकत नाही. सोरायसिसमध्ये वेड्यासारख्या वाढणाऱ्या पेशींना यामुळे आळा बसतो. कोडात मात्र रंग बनवणाऱ्या पेशी डिवचल्या जातात आणि केसांच्या मुळांशी दडून उरलेल्या अशा पेशी हळूहळू वर येऊन पसरतात. म्हणूनच कोडात रंग परततो तो केसांच्या छिद्राभोवती ठिपक्याठिपक्याने. आणि ओठांवर, बोटांच्या टोकांवर, जेथे केस नाहीत तेथे, किंवा डागातील केसही पांढरे झाले असतील तेथे, उपचार सहसा निष्फळ ठरतो. पुष्कळ रोगी बोटांच्या टोकांवरच वर्षानुवर्षे तेल चोळत बसतात. त्यांना हे कोणी आरंभीच सांगितले असते तर त्यांचा पैसा वाचला असता, आणि आशाही.

कोडाचे प्रमाण गुजरात व राजस्थान या भागांत अधिक असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखनात वारंवार येते. हा संसर्गजन्य रोग नव्हे आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. पण ‘श्वेतकुष्ठ’ या एका जुन्या शब्दाने घराघरांत किती मुलींची लग्ने अडवली असतील याची गणती नाही. अशा घरांतूनच चोरून उपचार होतात. बावचीचे तेल आणायचे, गच्चीवर जाऊन लावायचे आणि भर दुपारी बसून राहायचे. येथे धोका असा की सोरॅलेनचा दाह लगेच दिसत नाही. साध्या उन्हाचा लालपणा दिवसभरात कळतो. सोरॅलेनचा दाह दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, शिगेला पोहोचतो. पहिल्या दिवशी काही वाटले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसावे आणि तिसऱ्या दिवशी अंगावर लिंबाएवढे फोड यावेत, असा हा क्रम आहे. म्हणूनच डॉक्टर दोन बैठकांत एक-दोन दिवसांचे अंतर ठेवतात, गोळीनंतर सुमारे दोन तासांनी उन्हात जायला सांगतात आणि आरंभ थोड्या मिनिटांनी करतात. गोळी डोळ्याच्या भिंगापर्यंतही पोहोचते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काळा चष्मा लावणे ही चैन नव्हे. दीर्घकाळ पुवा घेतलेल्या सोरायसिसच्या रोग्यांत त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग अधिक आढळतो हे अमेरिकेत १९७९ पासून नोंदले गेले. गोऱ्या त्वचेतील हे आकडे सावळ्या त्वचेला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी उपचाराला मर्यादा हवी हे सर्वमान्य आहे. १९९७ साली हॉलंडमधून ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील किरणांचा कोडावर उपयोग प्रसिद्ध झाल्यापासून मोठ्या शहरांत पुवा मागे पडत गेला. या नव्या पद्धतीत गोळी लागतच नाही. मात्र यंत्रापर्यंत आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणे ज्याला शक्य नाही, त्याच्या वाट्याला गोळी आणि ऊन हीच जोडी राहते.

हे झाले जाणूनबुजून घेतलेले ऊन. अजाणता घेतलेल्या उन्हाकडे वळण्यासाठी सुरतेतच थांबावे लागते.

१९९४ च्या सप्टेंबरात काय झाले, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. त्याआधी बीड जिल्ह्यातील मामला गावाकडून गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या होत्या. इकडे तापीच्या पुराचे पाणी ओसरले होते आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड परिसरातून फुफ्फुसाच्या प्लेगचे संशयित रोगी रुग्णालयात येऊ लागले. चार दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. उधना, लिंबायत भागांतील कितीतरी मराठी कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात, आणि सुरत–भुसावळ हा जुना ताप्ती व्हॅलीचा लोहमार्ग तिकडे जाणारा. शहरात त्या दिवसांत ज्या एका औषधाचे नाव प्रत्येकाच्या तोंडी होते ते म्हणजे टेट्रासायक्लिन. सरकारने ते वाटले, लोकांनी ते दुकानांतून विकत घेतले, दुकाने रिकामी झाली. ज्याला मिळाले त्याने स्वतः घेतले, घरच्यांना दिले आणि उरलेले पुढच्या संकटासाठी कपाटात ठेवून दिले. हे ठेवून देणे अपायकारक होते. मुदत उलटलेल्या टेट्रासायक्लिनच्या विघटनातून मूत्रपिंडाला इजा होते हे १९६० नंतरच्या दशकात नोंदले गेले होते. लहान मुलांच्या वाढत्या दातांवर ते कायमचे पिवळट डाग पाडते, हेही.

टेट्रासायक्लिन हे प्रकाशसंवेदक औषध आहे. त्याच्या कुळातील डेमेक्लोसायक्लिन सर्वांत तापट, त्याखालोखाल डॉक्सिसायक्लिन आणि मूळचे टेट्रासायक्लिन त्या मानाने सौम्य. प्लेगच्या भयापुढे उन्हाचा चटका कोणी मनावर घेतला नाही, आणि ते योग्यच होते. जीव वाचवणारे औषध चार दिवस त्वचा भाजेल म्हणून नाकारणे हा शहाणपणा नव्हे. परंतु प्लेगचे दिवस सरले आणि त्याच कुळातले औषध दक्षिण गुजरातेत दरवर्षी पावसाळ्यात परत येऊ लागले; तेथे हा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारता येत नाही.

सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांची काळी चिकण जमीन, भाताची आणि उसाची पाणी साचलेली शेते, उंदीर आणि गुरे, यांच्या संगतीने लेप्टोस्पायरोसिस हा रोग येथे मुक्काम करून राहिला आहे. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून जंतू पाण्यात उतरतात आणि चिखलात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या भेगाळलेल्या पायांतून, खरचटलेल्या हातांतून शरीरात शिरतात. जुलै ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. ताप, पोटऱ्यांत असह्य ठणका, कावीळ, मूत्रपिंड बंद पडणे, फुफ्फुसात रक्तस्राव अशी मजल जाऊ शकते, आणि मृत्यू येतो तो कर्त्या माणसाला. प्रतिबंधासाठी ज्यांना धोका मोठा त्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्राम डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत आहे. तिचा आधार १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडतो. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांपैकी निम्म्यांना हे औषध दिले व निम्म्यांना नुसती नावाची गोळी. नावाची गोळी घेणाऱ्यांत २० जणांना रोग झाला, औषध घेणाऱ्यांत एकाला. पुढच्या अभ्यासांत हे यश सर्वत्र इतके ठसठशीत दिसले नाही, तरी ऐन हंगामात थोड्या आठवड्यांसाठी गोळी द्यावी, असाच सर्वसाधारण निर्णय झाला.

आता ही गोळी घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. तो सैनिक नाही. भातलावणी करणारी हळपती स्त्री आहे, नाहीतर उसात तण काढणारा मजूर. सकाळी आठपासून वाकून काम. मानेची मागची बाजू, हातांचे पंजे, नाक, कान आणि पोटऱ्या आकाशाकडे. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य येथे वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो, एकदा मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास, म्हणजे ऐन लावणीच्या दिवसांत. ढग असले की ऊन नाही अशी आपली समजूत; परंतु डॉक्सिसायक्लिनला चेतवणारे दीर्घ लहरींचे किरण विरळ ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली येतात. ते खिडकीच्या काचेतूनही येतात, म्हणून बसच्या खिडकीशी बसलेल्या माणसाचा एकच हात भाजल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत.

प्रथम येते ती चुणचुण, मिरची चोळल्यासारखी आग. ती उन्हातच, किंवा थोड्या तासांत, सुरू होते. मग लालपणा, सूज, क्वचित फोड. सीमारेषा कापून काढल्यासारखी असते: बाहीपर्यंत जळलेले, बाहीखाली स्वच्छ, हनुवटीच्या सावलीत आणि कानामागे काही नाही. ही रेषा हेच निदानाचे मोठे साधन आहे. पण पाठ्यपुस्तकांतील चित्रे गोऱ्या त्वचेची. सावळ्या त्वचेवर लालपणा दिसत नाही. दिसतो तो आठवड्याने उरलेला काळपटपणा, आणि त्याला “ऊन लागले” यापलीकडे कोणी नाव देत नाही. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काही किरण अडवते हे खरे, पण तेवढ्याने तिला अभय मिळत नाही.

नखांची गोष्ट अधिक फसवी आहे. औषध घेतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी हातांची नखे टोकाकडून सुटू लागतात, खालची जागा पांढरट दिसते, दुखतेही. नखाच्या खालच्या मांसात प्रकाशाला अडवणारे रंगद्रव्य थोडे, आणि वरचे नख भिंगासारखे बहिर्वक्र. चिखलात काम करणाऱ्या बाईला हे नखुरडे वाटते, डॉक्टराला बुरशी वाटते, आणि महिनोन्महिने बुरशीचे औषध चालते. त्या औषधांपैकी ग्रिसिओफल्विन हे जुने व स्वस्त औषध स्वतःच प्रकाशसंवेदक आहे, हा योगायोग कडवट म्हणावा लागेल.

अशी औषधे थोडीथोडकी नाहीत. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड जातीची गोळी, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे ॲमिओडॅरोन, मनोविकारांवरचे क्लोरप्रोमाझीन, सल्फा औषधे आणि सांधेदुखीवरचे कीटोप्रोफेनचे मलम ही सगळी या पंक्तीत बसतात. ॲमिओडॅरोन दीर्घकाळ घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर निळसर राखाडी छटा येते आणि औषध थांबवल्यावरही ती महिनोगणती जात नाही. क्षयावरील आयसोनियाझिडची वाट निराळी आहे. ते स्वतः प्रकाश शोषून इजा करत नाही, पण अन्न निकस असेल तर शरीरातील जीवनसत्त्वांचा तोल बिघडवून पेलाग्रासारखी स्थिती आणू शकते, आणि मग उघड्या अंगावर, गळ्याभोवती हार घातल्यासारखी, काळी खरखरीत त्वचा दिसते. कीटोप्रोफेनसारख्या काही औषधांची इजा दाहाची नसून वावड्याची, म्हणजे ॲलर्जीची असते. तिला मात्रा फार लागत नाही. ती खाजते, पहिल्या वेळी दिसत नाही, आणि एकदा जडली की उन्हापासून झाकलेल्या भागावरही पसरते. दाह मात्र पुरेसे औषध आणि पुरेसे ऊन मिळाले तर कोणालाही होऊ शकतो. डॉक्सिसायक्लिनचा दाह या जातीचा. मात्रा वाढली की तो वाढतो.

वैद्यकाच्या पुस्तकांत या सर्वांवर एकच सल्ला असतो: उन्हात जाणे टाळावे. हा सल्ला कोणासाठी लिहिला गेला आहे हे उघड आहे. ज्याला उन्हात जावे की न जावे याची निवड करता येते, त्याच्यासाठी. लावणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या स्त्रीला तो सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच आहे. किंवा त्याहून वाईट, कारण ऊन टाळता येत नाही म्हणून ती गोळीच टाळील. आणि लेप्टोचा मृत्यू हा भाजलेल्या मानेपेक्षा फार मोठा आहे. म्हणून सल्ला बदलावा लागतो. गोळी घ्यायचीच, पण घेणाऱ्याला आधी सांगायचे की पुढचे दोन-तीन दिवस ऊन अधिक बोचेल. बोचले तर घाबरू नये, पण अंगावर फोड आले तर आरोग्यसेविकेला दाखवावे. या औषधाची रक्तातील मात्रा निम्म्यावर यायला सुमारे १८ ते २२ तास लागतात, म्हणजे चौथ्या दिवशी ते बहुतेक ओसरते. तेव्हा आठवड्याची गोळी सुट्टीच्या किंवा हलक्या कामाच्या आदल्या संध्याकाळी दिली, तर निदान एक कडक दिवस चुकतो. ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करते. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी वेगळा विचार डॉक्टरने करायचा. अंगावर लांब बाह्यांचा जाड सदरा, डोक्यावरून मानेपर्यंत पंचा किंवा ओढणी घ्यावी. उन्हाच्या क्रीमपेक्षा शेतात हे अधिक उपयोगी. बाजारातील बरीचशी स्वस्त क्रीम लघु लहरींचे किरण अडवतात आणि येथे अपाय करतात ते दीर्घ लहरींचे. पाठीवर घ्यायचे जुने इरले पावसासाठी होते, पण मान आणि पाठ त्याच्या सावलीत राहत. त्याची जागा घेतलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद पाऊस अडवतो, ऊन अडवत नाही.

हे चार शब्द सांगायचे कोणी, हा प्रश्न उरतो. औषधाच्या वेष्टनातील माहितीची चिठ्ठी इंग्रजीत, बारीक टाइपात. बहुधा ती माणसाच्या हाती पडतच नाही, कारण दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि औषधाचे नाव कापलेल्या तुकड्यावर राहून जाते. सुरतेत ही अडचण दुहेरी होते. दवाखान्यातील फलक गुजरातीत असतात. पांडेसरा, डिंडोली, लिंबायतमधील मराठी, ओडिया, भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराला ते वाचता येतीलच असे नाही. उसाच्या तोडणीला धुळे-नंदुरबारकडून येणाऱ्या टोळ्या पावसाळ्यानंतर येतात, म्हणून लेप्टोच्या गोळीचा त्यांच्याशी संबंध कमी. पण खोकल्यातापासाठी वाटेतल्या दुकानातून घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनशी आहे, आणि हिवाळ्यातले ऊन गोड असले तरी दीर्घ लहरींचे किरण त्यातही असतात. त्यांच्यातले कोणी पुढे गावच्या डॉक्टरकडे सुटलेली नखे दाखवायला गेले, तर तो बहुधा आजचे दुखणे विचारतो. विचारायचे असते ते महिन्यामागचे: कोणती गोळी घेतली होती, ती कोणी दिली, आणि त्या आठवड्यात काम उन्हातले होते की सावलीतले. उत्तरात औषधाचे नाव येणार नाही. कॅप्सूलचा रंग येईल, किंवा ‘ती पावसातली गोळी’ असे काहीतरी येईल. आणि ऐकणाऱ्याला विषय ठाऊक असेल तर तेवढेही पुरते.